अकराव्या मिनिटाला मामा

मामा, त्या फिल्ममध्ये अकराव्या मिनिटाला तुम्ही येता. आधी वरून दिसणारी रानं, मग विहीर, मग कॅमेरा हळूहळू विहिरीत उतरतो, पडदा काळा होतो आणि त्यावर इंग्रजीत तुमचं नाव उमटतं. नावाखाली 'क्राइम सीन फोटोग्राफर'. ते मी वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही आतल्या मामीला हाक मारून सांगितलंत की ये, बघून जा, तुझा नवरा काय होऊन बसलाय. अंबडच्या बसस्टँडजवळ तुमचा स्टुडिओ. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारसी, आणि पोलिसांचा निरोप आला की पंचनाम्याचे फोटो. या शेवटच्या कामाला इंग्रजीत इतकं भारदस्त नाव आहे हे तुम्हाला साठी उलटल्यावर कळलं.

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. आई म्हणते, मामाचे लग्नातले व्हिडिओ बघ, हसताना दिसेल. पण लग्नांत तुम्ही कुठे असता? सगळ्या लग्नांत तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे. तुमचा चेहरा समोरून, नीट, मोठा असा या एकाच फिल्ममध्ये आहे, आणि तिथेच तुमच्यावर सगळ्यात मोठा अन्याय झालाय. त्या अन्यायात माझा हात आहे. म्हणून हे लिहितेय, आणि मराठीत लिहितेय. इंग्रजीतून केलेले माझे मेसेज तुम्ही वाचायचाच नाहीत. उत्तर एकच यायचं, 'मॅडम, माणसात या.'

ती फिल्म आपण किती वेळा पाहिली असेल. पहिल्यांदा घरात सगळ्यांबरोबर, आणि मग स्टुडिओत, दुपारी, शटर अर्धं खाली ओढून, फक्त आपण दोघं. माऊस तुमच्या हातात. मी कॉलेजात दोन वर्षं फिल्म बनवणंच शिकले होते, माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला शब्द होता. तुमच्याकडे शब्द नव्हते, डोळे होते. मी म्हणाले, हे बघा, कलर ग्रेडिंग करून सगळं निळं केलंय, भीती वाटावी म्हणून. तुम्ही म्हणालात, दुपारी दोनचा पंचनामा हाय हा, ऊन पांढरंफेक होतं, माझ्या फोटोत बघ, विहिरीचा काठ जळून राह्यलाय. मग बराच वेळ तुम्ही ड्रोनवर बोलत होतात. लग्नात ड्रोन, खुनात ड्रोन, देवाला तरी कळत असंल का वरून बघताना की खाली काय चाललंय. नाट्यरूपांतरात एक बाई पाठमोरी चालत जाते आणि काठावर हिरव्या बांगड्यांचे तुकडे हळूहळू पडतात. तिथे तुम्ही थांबवलंत. तिच्या हातात बांगड्या नव्हत्याच, तुम्ही म्हणालात. घड्याळ होतं. आणि ही पडायची रीत आपल्या लग्नाच्या व्हिडिओतली हाय, अक्षता अशाच पाडतो मी.

मी इतकी हसले होते त्या दिवशी. एका बाईच्या मरणावरची फिल्म बघताना हसतोय म्हणून मग दोघंही ओशाळलो, आणि तुम्ही माऊस खाली ठेवून चहा सांगितलात.

एका जागी मात्र तुम्ही हसला नाहीत. त्या बाईचा नवरा, ज्याच्यावर खटला चालला आणि जो पुराव्याअभावी सुटला, त्याने मुलाखत द्यायला नकार दिला होता. मग त्यांनी लांबून, मोठी लेन्स लावून, त्याच्या घराचं बंद दार दाखवलं. पाच-सहा वेळा तरी. त्यामागे घुमणारं संगीत. मी कौतुकाने म्हणाले की नकारालाच त्यांनी प्रतिमा केलं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, मे महिन्यात शूटिंग झालं ना? मेमधे दुपारी कुणाचं दार उघडं असतं आपल्याकडं?

तुमची पंचनाम्याची रीत मला लहानपणापासून पाठ आहे. सुट्टीत अंबडला आले की मी स्टुडिओतच पडलेली असायचे, कारण मामीकडे येणाऱ्या बायका मला इंग्रजी बोलून दाखव म्हणायच्या. तुम्ही जुना कॅमेरा माझ्या गळ्यात घातलात आणि म्हणालात, लाजाळू माणसाला हे बरं, लोक कॅमेऱ्याकडं बघतात. तेव्हाच शिकवलंत. आधी लांबून घ्यायचा, मग मधून, मग जवळून, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतली एक तरी वस्तू पाहिजे, म्हणजे बघणाऱ्याला कळतं आपण कुठं उभे आहोत. काहीही हलवायचं नाही. उलटी पडलेली चप्पलसुद्धा सुलटी करायची नाही, मनाला कितीही लागलं तरी. चेहऱ्याचा फोटो शेवटी, आणि एकच. बाहेर तुम्ही या फोटोंबद्दल कधी बोलला नाहीत. मामीला त्या दिवशी एवढंच कळायचं की तुम्ही घरात न येता आधी मागच्या नळावर गेलात.

अशा माणसाला मी कॅमेऱ्यासमोर बसवलं. फिल्म करायला मुंबईहून ती मंडळी आली तेव्हा त्यांना इथली बोली कळणारं, कागद वाचणारं कुणीतरी हवं होतं. माझ्या कॉलेजातल्या सरांनी माझं नाव सुचवलं. तुम्ही दोनदा नाही म्हणालात. फोटोवाला कशाला पाहिजे त्यांना, वकील घ्या म्हणावं, तो घंटाभर बोलंल. मग मी हळूच सांगितलं की शेवटी नावं येतात त्यात माझं नाव येणार आहे. तुम्ही विचारलंत, मराठीत की इंग्रजीत. मी म्हणाले इंग्रजीत. मंग यावं लागंल, तुम्ही म्हणालात.

मामीने पांढरा शर्ट कडक इस्त्री करून दिला. त्या लोकांनी तुमच्याच स्टुडिओत तुमची खुर्ची उजेडातून उचलून मागच्या सामानाच्या खोलीत नेली आणि एका बाजूने एकच दिवा लावला, अर्धा चेहरा अंधारात. तुम्ही मला खुणेने जवळ बोलावून कानात म्हणालात की पासपोर्टला असा फोटो दिला असता तर गिऱ्हाइकाने चप्पल काढली असती.

मुलाखत पाऊण तास चालली. तुम्ही छान बोललात. ते संपल्यावर तुम्ही चष्मा काढून हातात घेतलात, डोळे चोळले. तेवढ्यात आवाजवाला म्हणाला की खोलीचा आवाज घ्यायचा राहिला. सगळ्या फिल्मवाल्यांची ही पद्धत असते. शेवटी सगळ्यांनी गप्प बसायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज अर्धा मिनिट टिपून ठेवायचा, म्हणजे नंतर वाक्यं जोडताना सांधे ऐकू येत नाहीत. मी तुम्हाला सांगितलं, "मामा, आता अर्धा मिनिट बोलायचं नाही, हलायचंही नाही."

"खोलीला आवाज असतो?" तुम्ही विचारलंत.

असतो, मी म्हणाले. आणि तुम्ही बसलात. गिऱ्हाइकांना जसं बसवता तसं, पाठ ताठ, हनुवटी जराशी खाली, नजर लेन्सच्या किंचित खाली. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच होता. मला तो दिसत होता. मी त्याचा विचार केला नाही.

फिल्ममध्ये अकराव्या मिनिटाला तुम्ही विहिरीपर्यंत कसे पोहोचलात ते सांगता. मग मुलाखत घेणाऱ्याचा आवाज येतो, 'तुम्हाला काय वाटतं, नवऱ्याने केलं असेल?' आणि तुम्ही गप्प बसता. अर्ध्या अंधारात, नजर खाली, कितीतरी वेळ. संगीत वर चढतं. तुम्ही काहीच बोलत नाही. मग ते बंद दार.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काय बसलेत मामा. मी तिथे असून मला कळलं नाही. तुम्हाला तिसऱ्यांदा बघताना कळलं. तुम्ही चित्र मागे नेलंत, पुढे आणलंत, परत मागे. मग बोट ठेवलंत.

"चष्मा बघ. बोलताना हाय, इचारल्यावर न्हाई. आन् मी हलून न्हाई राह्यलो. माणसाला काही इचारलं की माणूस हलतो गं, पापणी तरी हलते. हा माणूस फोटो काढून घेऊन राह्यलाय."

मी म्हणाले, तो खोलीचा आवाज होता. तुम्ही मान हलवलीत. रागावला नाहीत. उलट एखाद्या कारागिराने दुसऱ्याचा सांधा बोटाने चाचपावा तसं म्हणालात, बराबर बसवलाय पण. कळत न्हाई.

राग तुम्हाला आठ दिवसांनी आला. रेणुका स्टुडिओत आली तेव्हा. विहिरीतल्या त्या बाईची मुलगी. ते झालं तेव्हा तीन वर्षांची होती, आता अंबडला कॉलेजात आहे. वडिलांनीच तिला वाढवलं, दुसरं लग्न केलं नाही. फिल्म मोबाईलवर वर्गातल्या सगळ्यांनी पाहिली आणि तिनेही पाहिली. तेव्हापासून ती घरी गेली नव्हती, मावशीकडे राहत होती, वडिलांचा फोन उचलत नव्हती. तिने तुम्हाला एकच विचारलं, की तुम्ही गप्प का बसलात, तुम्ही काय पाहिलं होतं. तुम्ही तिला खरं ते सांगितलंत. ती म्हणाली, हे तुम्ही आता सांगताय. आणि निघून गेली.

तुम्ही लगेच मला फोन केलात. मुलाखतीचा मजकूर उतरवून द्यायचं काम माझं होतं, त्यासाठी मी सगळी मुलाखत माझ्या फोनवर रेकॉर्ड करून घेतली होती, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही म्हणालात, ते पोरीला ऐकव. मी म्हणाले, मी कागदावर सही केलीय, यातलं काहीही बाहेर द्यायचं नाही म्हणून. पुढच्या फिल्मलाही ते मला घेणार होते, हे मी बोलले नाही. ते तुम्हाला न सांगताच कळलं असणार.

"पंचनाम्याला दोन पंच कशाला नेतात, सांग," तुम्ही म्हणालात. "पोलीस लिहितात, मी फोटो काढतो, मंग रस्त्यावरची दोन माणसं धरून आणायचं काय काम? तर जे झालं ते दुसऱ्या कुणी बघितलेलं पाहिजे. त्या खोलीत तू पंच होतीस."

आणि मी तुम्हाला म्हणाले की मामा, तुम्हाला काँट्रॅक्ट म्हणजे काय ते कळत नाही.

तुम्ही हसलात. "न्हाई कळत. इंग्लिश मीडियमला न्हाई गेल्तो."

मी म्हणाले, बघते. त्यानंतर तुम्ही किती फोन केलेत. राजूरच्या गणपतीला जाऊन आल्याचा, मामीच्या गुडघ्याचा, स्टुडिओतला प्रिंटर बिघडल्याचा. तो विषय एकदाही काढला नाहीत. मी प्रत्येक वेळी तयार होऊन फोन उचलायचे, आता विचारतील म्हणून, आणि तुम्ही विचारायचा नाहीत. तुम्ही ओरडला असतात तर मी भांडले असते आणि भांडून काहीतरी ठरलं असतं. तुम्ही माझ्यावर सोडून दिलंत, आणि मी ते तसंच ठेवून दिलं.

तुम्हाला न सांगितलेलं एक आहे. मी त्या लोकांना मेल केली होती. अकराव्या मिनिटातला तो सांधा खोटा आहे, काढा, असं लिहिलं. उत्तर फार गोड आलं. प्रेक्षकाला विचार करायला जागा हवी असते, तुमच्या मामांचा चेहरा त्या जागेचं काम करतो, त्यांचा तो सर्वोत्तम क्षण आहे. मी ते तुम्हाला वाचून दाखवणार होते. मग वाटलं, तुम्ही विचाराल, मंग तू काय केलंस? आणि मी त्यावर काहीच केलं नव्हतं. शेवटच्या पाटीवरचं माझं नाव मी बऱ्याचदा थांबवून बघितलंय, हेही सांगायचं राहिलं.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. मामी म्हणाली, तुझ्या मामाचं कपाट तू लाव, मला होत न्हाई. कपाट लावायच्या ऐवजी मी तुमच्या खुर्चीत बसून फोनवरची ती मुलाखत ऐकली. पाऊण तास तुम्ही बोलत होतात. शेवटी माझाच आवाज आला, हलायचंही नाही. मग पंखा, बाहेर एसटीचा कंडक्टर घनसावंगी घनसावंगी म्हणून ओरडतोय, आणि जवळून, मंद, तुमचा श्वास. तुमचा श्वास माझ्याकडे आहे, मामा. त्या लोकांनी तो काढून टाकून त्याच्या जागी संगीत घातलं होतं.

मी उठले आणि रेणुकाच्या मावशीचं घर विचारत गेले. कुणाला काही विचारायचं म्हणजे माझं काय होतं तुम्हाला माहीत आहे. दोनदा दारावरून पुढे गेले. तिसऱ्यांदा तिनेच आतून पाहिलं आणि बाहेर आली. मी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही गेल्याचं तिला कळलं होतं. मी त्या फिल्मवाल्यांबरोबर होते हेही मी सांगितलं. ती म्हणाली, "बॅगेत कॅमेरा असंल तर बाहेर ठेवा." मी बॅगच बाहेर ओट्यावर ठेवली आणि फोन तिच्या हातात दिला.

आम्ही जमिनीवर बसलो. मावशी चुलीकडे, पाठ आमच्याकडे, पण ऐकत होत्या. मी म्हणाले सगळं ऐक, मी कुठे थांबवणार नाही. तुम्ही सांगत होतात, गावात किती वाजता पोहोचलात, कुणी वाट दाखवली. मग तो प्रश्न आला. आणि प्रश्न संपतो न संपतो तोच तुमचा आवाज.

"मला माहीत न्हाई. मी पोहोचलो तवा सगळं होऊन गेल्तं. जे दिसलं ते काढलं. बाईच्या हातात घड्याळ होतं, ते चालू होतं. नवरा कडंला बसला होता. पोरगी मांडीवर. तिच्या पायाला चिखल लागल्ता, तो आपल्या धोतरानं पुसून राह्यला होता. एक पाय झाला की दुसरा. परत पहिला. याचा अर्थ काय ते मला इचारू नका. माणूस कशानंही तसं करतो."

हे मी उतरवून, भाषांतर करून त्यांना पाठवलं होतं. कोपऱ्यात वेळ लिहिली होती. ते त्यांनी घेतलं नाही, आणि मीही विसरले होते.

रेणुकाने शेवटपर्यंत ऐकलं, तो अर्धा मिनिटही. मग तिने स्वतःच मागे नेऊन तेवढा भाग पुन्हा लावला. दुसऱ्यांदा ऐकताना तिने पाय जवळ घेतले आणि साडीचा पदर असावा तशी ओढणी त्यावरून ओढून घेतली.

"म्हणजे तुमच्या मामांनाबी माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"खरंच न्हाई?"

"माहीत असतं तर सांगितलं असतं. त्यांना जे दिसलं नाही त्याबद्दल ते बोलायचे नाहीत."

मला वाटत होतं, हे फार थोडं आहे. तिच्या वडिलांनी काही केलं नाही असं यात कुठेच नव्हतं. मी तिला काहीतरी म्हणणार होते, धीराचं, आणि मग तुमची रीत आठवून गप्प राहिले. काही हलवायचं नाही.

"मंग माझं मी बघते," ती म्हणाली. "इतके दिवस मला वाटत होतं, कुणाला तरी माहीत हाय आन् मलाच सांगून न्हाई राह्यले."

रेकॉर्डिंग तिने आपल्या फोनवर घेतलं. मी तिथेच बसून त्या लोकांना मेल लिहिली, की मुलाखत जिच्या हक्काची होती तिला मी दिली आहे, तुम्हाला जे करायचं ते करा, आणि शेवटच्या पाटीवरून माझं नाव काढा. मामा, तुम्हाला वाटेल नाव घालवलं म्हणून मी रडले. नाही रडले. तुम्हाला फोन करून सांगावं म्हणून हात गेला तेव्हा रडले, आणि ते मावशींनी पाहिलं आणि पाणी आणून ठेवलं.

मी निघायला उठले तर रेणुका म्हणाली, थोडं बसा. तिने फोनवर एक नंबर काढला आणि नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मावशींनी चुलीकडून वळून पाहिलं, मग परत तोंड फिरवलं. तिने नंबर लावला. पलीकडे पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला, इतक्या लवकर, की माणूस फोन हातातच घेऊन बसला असावा.

"पप्पा," ती म्हणाली. "जेवलात का?"

मी बाहेर आले, मामा, आणि माझ्यामागे दार ओढून घेतलं. पुढचं त्या दोघांचं होतं.